पुरात तगलेले भात

इसवी सन १८६६ या एकाच वर्षी, परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन गोष्टी घडल्या. ऑस्ट्रियन साम्राज्यातील ब्रून नगरात ग्रेगोर मेंडेल नावाच्या एका मठवासी साधूने वाटाण्याच्या रोपांवर केलेल्या प्रयोगांचा निबंध तेथील निसर्ग-अभ्यासक मंडळाच्या वार्षिकात छापून निघाला; आणि पुढे चौतीस वर्षे त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. त्याच वर्षी इकडे ओडिशात, ओडिया लोक ज्याला 'नअंक दुर्भिक्ष' म्हणतात, तो भीषण दुष्काळ पडला होता. आदल्या वर्षी पावसाने दगा दिल्यामुळे पिके करपली होती; १८६६ च्या पावसाळ्यात पुराने थैमान घातले आणि जे काही उभे राहिले होते तेही बुडाले. सुमारे दहा लक्ष माणसे त्या दुष्काळात मेली असे मानतात.

मेंडेलच्या निबंधातून आनुवंशिकतेचे शास्त्र जन्मास आले. ओडिशाच्या पूरग्रस्त खाचरांना त्या शास्त्राचा प्रत्यक्ष उपयोग व्हावयास मात्र जवळजवळ दीडशे वर्षे जावी लागली. या दोन टोकांची गाठ कशी पडली, तीत वेगाचा वाटा किती आणि धीराचा किती, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भात हे पाण्यात वाढणारे पीक. मग पाण्याने ते मरते कसे, असा प्रश्न वाचकांना पडेल. भाताचे बूड पाण्यात असले तरी त्याचा शेंडा हवेत असावा लागतो. पुराचे पाणी शेंड्यावरून गेले की पानांना पुरेशी हवा मिळत नाही आणि गढूळपणामुळे उजेडही पोहोचत नाही. अशा वेळी रोपाच्या अंगात इथिलीन नावाचा वायू साचू लागतो. या वायूच्या प्रेरणेने सामान्य भाताचे रोप जिवाच्या आकांताने उंच वाढू लागते, कारण कसेही करून पाण्याबाहेर डोके काढावे ही त्याची धडपड असते. या धडपडीत त्याने साठविलेली पिष्टमय शिदोरी संपून जाते. आठवड्याभरात पाणी ओसरले नाही, तर मागे उरतात ती लांबलेली, मऊ पडलेली आणि चिखलात लोळणारी रोपे. त्यांतून पुन्हा फुटवे येत नाहीत.

महानदी, ब्राह्मणी आणि वैतरणी या नद्यांच्या मुखांकडील सखल प्रदेशात हा प्रसंग ऐन लावणीनंतरच्या दिवसांत वारंवार ओढवतो. तेथील शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या त्यावर जो उपाय केला तो बियाण्याच्या निवडीचा. पूर ओसरल्यावर ज्या रोपांनी जीव धरला त्यांचीच लोंबी पुढच्या सालच्या बियाण्यासाठी राखून ठेवावयाची, असे करता करता काही वाण सिद्ध झाले. 'ढालपुट्टिया' आणि 'भेटनासिया' ही त्यांतील दोघांची नावे. हे वाण कोणी निर्माण केले, कोणत्या गावी, कोणत्या साली, याची नोंद कोठेही नाही. शेतकऱ्याने कणगीत ठेवलेले बियाणे हीच त्यांची एकमेव नोंद.

विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ओडिशातील कृषिसंशोधकांनी या वाणांकडे लक्ष पुरविले. ढालपुट्टियाच्या मिश्र बियाण्यातून उत्तम रोपे वेचून, त्यांचा शुद्ध वंश चालवून त्यांनी 'एफआर १३ ए' हा वाण वेगळा काढला. भेटनासियातून 'एफआर ४३ बी' निघाला. यांतील 'एफआर' ही अक्षरे पुरास टक्कर देणारा एवढ्याच अर्थाची आहेत. त्याच सुमारास, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने हादरून गेलेल्या सरकारने १९४६ साली कटक येथे मध्यवर्ती भात संशोधन संस्था स्थापन केली. तिचे नाव या कथेत पुन्हा येणार आहे.

एफआर १३ ए हा वाण पाण्याखाली पुरते दोन आठवडे बुडून राहिला तरी पाणी उतरल्यावर पुन्हा उभा राहत असे. तथापि त्याच्या अंगी दोषही पुष्कळ होते. तो उंच वाढून लोळे, उत्पन्न थोडे देई आणि त्याचा तांदूळ बाजारात फारसा कोणास नको असे. त्यामुळे नव्या बुटक्या, भरघोस वाणांच्या युगात त्याला शेतात जागा राहिली नाही. तो टिकला तो बीजसंग्रहांत. फिलिपीन्समधील लॉस बान्योस येथे १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था निघाली. सत्तरच्या दशकात तेथील संशोधकांनी जगभरातून जमविलेले वाण हौदात बुडवून पाहिले, तेव्हा तग धरणाऱ्या मोजक्या वाणांत ओडिशाचा हा वाण अग्रभागी ठरला.

मग संकराचे प्रयत्न सुरू झाले. एका बाजूस भरघोस पिकणारा वाण आणि दुसऱ्या बाजूस एफआर १३ ए. दोहोंचे गुण एकत्र आणावयाचे. सांगावयास ही गोष्ट सोपी, पण प्रत्यक्षात तीच सर्वांत कठीण. संकरातून निर्माण होणाऱ्या संततीत हव्या त्या गुणाबरोबर नको असलेले शेकडो गुणही येतात. हवा तो गुण आला की नाही, हे कळण्यासाठी प्रत्येक पिढीची रोपे हौदात बुडवावयाची, मरतील ती मरू द्यावयाची, जगतील त्यांचे पीक घ्यावयाचे, पुन्हा संकर करावयाचा. यात वर्षांमागून वर्षे जातात. एवढे करून नव्वदच्या दशकाच्या आरंभी डेव्हिड मॅकिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरात टिकणारे आणि उत्पन्नही बरे देणारे काही वंश सिद्ध केले. परंतु शेतकऱ्यांनी त्यांचा स्वीकार केला नाही. ज्या तांदळाची चव, दाणा आणि बाजारभाव आपल्या ओळखीचा आहे तो सोडून परका वाण घेण्यास कोणी धजत नसे. पूर दर वर्षी येत नाही. भाताची विक्री मात्र दर वर्षी करावी लागते.

येथून पुढे या इतिहासाला वेग येतो. सजीवांच्या पेशींतील आनुवंशिक मजकूर समग्र वाचण्याचे जे शास्त्र, त्यास जीनोमशास्त्र म्हणतात. भाताचा हा मजकूर बारा गुणसूत्रांवर विभागलेला आहे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे केनाँग झू आणि मॅकिल यांनी पुरात टिकणाऱ्या व न टिकणाऱ्या रोपांच्या संततीचा मजकूर जागोजागीच्या खुणांच्या आधारे ताडून पाहिला. तेव्हा १९९६ साली त्यांना दिसून आले, की पुरात टिकण्याच्या शक्तीत रोपारोपांत जो फरक पडतो त्यापैकी सुमारे सत्तर टक्के फरकाचे मूळ नवव्या गुणसूत्रावरील एकाच ठिकाणी आहे. त्या ठिकाणास त्यांनी 'सब-१' असे नाव दिले. ज्या गुणामागे बारीकसारीक कारणांची मोठी गुंतागुंत असेल असे वाटत होते, त्याची किल्ली बहुतांशी एकाच जागी होती. हे मोठेच भाग्य म्हणावयाचे.

जागा सापडली, तरी त्या जागेवर नेमके काय लिहिले आहे हे कळावयास आणखी दहा वर्षे लागली. मध्यंतरी एक मोठी घटना घडली. १९९८ पासून दहा देशांतील संशोधक एकत्र येऊन भाताचा समग्र मजकूर वाचीत होते. अकराव्या गुणसूत्राच्या वाचनात भारतीय संशोधकांचाही वाटा होता. २००५ साली ते वाचन प्रसिद्ध झाले. सुमारे एकोणचाळीस कोटी अक्षरांचा तो ग्रंथ. आता कोणतीही गोष्ट त्यात शोधली की सापडेल, असे वाटावयास हरकत नव्हती.

परंतु पुरात तगण्याचे जनुक त्या ग्रंथात नव्हतेच. वाचन ज्या वाणाचे झाले तो 'निप्पोनबारे' हा जपानी वाण. त्याच्या नवव्या गुणसूत्रावर त्या ठिकाणी शेजारची दोन जनुके होती. ज्याच्यावर सारे अवलंबून होते ते तिसरे, म्हणजे 'सब-१ ए', मुळातच नव्हते. ते ढालपुट्टियाच्या वंशात होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत असताना काश्मीरपासून मलबारपर्यंतच्या पोथ्या मिळवून ताडून पाहाव्या लागल्या, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. एका पोथीवरून ग्रंथाचा निर्णय होत नाही. भाताच्या बाबतीतही तेच घडले. झू, मॅकिल, पामेला रोनाल्ड, ज्यूलिया बेली-सेरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एफआर १३ एच्या वंशातील तो भाग स्वतंत्रपणे वाचून काढला आणि २००६ साली 'नेचर' या नियतकालिकात सब-१ ए जनुकाची माहिती प्रसिद्ध केली.

हे जनुक करते काय, तेही पाहण्यासारखे आहे. पाण्याखाली इथिलीन साचू लागताच ते जागे होते आणि उंच वाढण्याच्या धडपडीस आवर घालते. रोप आपली शिदोरी न उधळता निपचित पडून राहते. पाणी ओसरले की राखून ठेवलेल्या शिदोरीच्या बळावर ते पुन्हा फुटवे काढते. इतर वाण धडपडून मरतात आणि हा वाण स्वस्थ राहून वाचतो.

आता प्रश्न उरला तो शेतकऱ्यास हवे ते बियाणे देण्याचा. पूर्व भारतातील सखल शेतांत त्या काळी 'स्वर्णा' या वाणाचे राज्य होते. आंध्र प्रदेशातील मारुटेरू येथील संशोधन केंद्रातून तो १९८२ साली बाहेर पडला. त्याच्या मातापित्यांपैकी एक 'वशिष्ठ' आणि दुसरा 'महसुरी'. हा महसुरी जरी मलेशियात नावारूपाला आला, तरी त्याचा उगम कटकच्याच संस्थेत पन्नासच्या दशकात चाललेल्या जपानी व भारतीय भातांच्या संकराच्या योजनेत आहे. म्हणजे एका बाजूने ढालपुट्टियाचा वंश आणि दुसऱ्या बाजूने स्वर्णेचे आजोळ, या दोहोंची मुळे ओडिशाच्या भूमीत पोहोचतात. शास्त्राच्या इतिहासात असे योग क्वचितच दिसतात.

स्वर्णेत सब-१ आणण्याचे काम लॉस बान्योस येथे झाले. त्या संशोधनाचा जो निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला त्याच्या प्रथम लेखिका सी. एन. नीरजा या हैदराबादच्या भात संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ होत. त्यांची रीत अशी. पूर्वी शेतकऱ्यांनी न स्वीकारलेल्या, एफआर १३ एपासून निघालेल्या त्याच वंशांपैकी एक घेऊन त्याचा स्वर्णेशी संकर केला. त्या संततीचा पुन्हा स्वर्णेशी संकर करून सुमारे सातशे रोपे वाढविली. ती हौदात बुडविण्याची आता गरज नव्हती. कोवळ्या पानाचा एक तुकडा खुडून घेतला की त्यातील खुणांवरून सब-१ आले की नाही हे कळत होते; इतकेच नव्हे, तर उरलेल्या मजकुरात स्वर्णेचा भाग किती आणि परका भाग किती, हेही दिसत होते. ज्या रोपात सब-१ आहे पण परका भाग कमीत कमी आहे तेवढीच ठेवावयाची, बाकीची टाकून द्यावयाची. असे दोन-तीन पिढ्या केल्यावर जे हाती आले ते जवळजवळ शुद्ध स्वर्णाच होते. फक्त नवव्या गुणसूत्रावरचा एक बारीकसा तुकडा ढालपुट्टियाचा होता. जुन्या पद्धतीने ज्यास एक तप लागले असते ते काम सुमारे अडीच-तीन वर्षांत झाले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या बियाण्यात परजातीचे जनुक प्रयोगशाळेत घुसविलेले नाही. भाताच्या फुलावर भाताचेच पराग टाकून ते तयार झाले आहे. नवे आहे ते फक्त निवडणाऱ्याच्या दृष्टीचे साधन. आणखी एक गंमत अशी, की स्वर्णेच्या दाण्याचे तूस सोनेरी असते, तर नव्या बियाण्याचे तूस गवती रंगाचे निघाले. सब-१च्या अगदी शेजारी बसलेले रंगाचे जनुक बरोबर आले. बाकी सर्व बाबतींत दोन्ही सारखीच. त्यामुळे कोणते बियाणे आपल्या हाती आले आहे, हे शेतकऱ्यास नुसत्या डोळ्यांनी कळू लागले.

'स्वर्णा-सब-१' हा वाण भारतात २००९ साली प्रसृत झाला आणि थोड्याच वर्षांत लाखो शेतकऱ्यांच्या खाचरांत पोहोचला. ओडिशातील भद्रक आणि बालेश्वर जिल्ह्यांतील १२८ गावांत अर्थशास्त्रज्ञांनी त्याची पाहणी केली. तिचा वृत्तांत २०१३ साली प्रसिद्ध झाला. शेत दहा दिवस पाण्याखाली राहिले असता नव्या वाणाचे उत्पन्न स्वर्णेहून ४५ टक्क्यांनी अधिक भरले. पूर आला नाही तर दोहोंत फरक नव्हता. त्या पाहणीतील दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. गावातील सर्वांत सखल, पाणी साचणाऱ्या जमिनी बहुधा अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांकडे असतात. त्यामुळे या बियाण्याचा लाभ त्यांना इतरांहून अधिक होतो. चांगल्या जमिनी इतरांनी घेतल्या आणि उरलेल्या यांच्या वाट्यास आल्या, हा आपल्या समाजाचा जुना इतिहास आहे. बियाण्याने तो पुसला जात नाही. परंतु ज्याच्या शेतात पूर आधी शिरतो त्याच्याच पदरात या शोधाचे दान अधिक पडले, ही गोष्ट लहान नव्हे.

स्तुतीच्या भरात मर्यादा विसरून चालणार नाही. सब-१ रोपास सुमारे दोन आठवडे तारते. त्याहून अधिक काळ पाणी राहिले तर त्याचाही इलाज चालत नाही. पेरलेले बी उगवण्यापूर्वीच बुडाले, किंवा भात फुलोऱ्यात असताना पूर आला, तर त्याचा उपयोग होत नाही. गुडघाभर पाणी महिनोन् महिने साचून राहणाऱ्या शेतास वेगळ्या गुणांची आवश्यकता असते. शिवाय प्रत्येक गुण असा एकाच जनुकावर उभा नसतो. अवर्षण सोसण्याची शक्ती किंवा एकूण उत्पन्न यांच्यामागे अनेक जनुकांचा थोडाथोडा हात असतो आणि तेथे खुणा पाहून निवड करणे पुष्कळच अवघड होते.

तरीही ही वाट एकट्या ओडिशापुरती राहिली नाही. हैदराबाद येथे पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र आणि भात संशोधन संस्था यांनी मिळून, पानांवरील जिवाणूजन्य करप्यास तोंड देणारी तीन जनुके 'सांबा महसुरी' या नावाजलेल्या बारीक तांदळात याच रीतीने आणली. २००८ साली तो सुधारित वाण प्रसृत झाला. त्या तीन जनुकांपैकी एक आफ्रिकेतील माली देशातल्या रानटी भातातून आले आहे.

गोमंतकीय वाचकांस या सर्व कथेत एक ओळखीची गोष्ट दिसल्यावाचून राहणार नाही. आपल्याकडील खाजन जमिनी म्हणजे खाडीच्या भरतीपासून बांध घालून राखलेली शेते; मानशीच्या दारांनी पाणी आवरावयाचे आणि सोडावयाचे. बांध फुटला की खारे पाणी आत शिरते. अशा खारवट मातीत पीक देणारा 'कोरगूट' हा वाण गोव्याच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या राखला. जुने गोवे येथील कृषिसंशोधन संस्थेने त्यातून शुद्ध वंश निवडून 'गोवा धान' या नावाने वाण दिले. ढालपुट्टियापासून एफआर १३ ए निघाला त्याच जातीचे हे पाऊल आहे. केरळातील 'पोक्कळी' या खारवट जमिनीच्या वाणातून, क्षार सोसण्याच्या शक्तीशी निगडित असा पहिल्या गुणसूत्रावरील एक भाग संशोधकांनी याआधीच हुडकला असून तो इतर वाणांत आणला जात आहे. पोक्कळीच्या पोथीत जे सापडले त्याहून निराळा पाठ कोरगूटच्या पोथीत असू शकेल. पण ती पोथी जिवंत राहिली तरच तो वाचता येईल. आणि बांध मोडल्यामुळे पडीक राहिलेल्या खाजनात कोरगूट पिकत नाही, हे आपण सर्वजण पाहतो आहोत.

या इतिहासाचा हिशेब मांडला तर असे दिसते. नव्या शास्त्राने निवडीचा काळ एका तपावरून तीन वर्षांवर आणला, यात शंका नाही. परंतु निवडावयाची वस्तू त्याने निर्माण केली नाही. ती शेकडो पुरांतून तावूनसुलाखून निघाली होती. निनावी शेतकऱ्यांनी ती राखली, कटकच्या परिसरातील संशोधकांनी शुद्ध केली आणि बीजसंग्रहाच्या थंड कोठारांत ती पन्नास वर्षे वाट पाहत राहिली. कटकच्या संस्थेचे एक काळचे संचालक रा. हे. रिछारिया यांनी पुढे रायपूर येथे, त्या काळच्या मध्य प्रदेशात, छत्तीसगढच्या खेड्यापाड्यांतून हजारोंच्या संख्येने स्थानिक भाते जमविली. त्यांतील एकेका वाणाचा उपयोग काय, हे जमविणाऱ्यासही ठाऊक नव्हते. तसे ते ठाऊक नसतानाच जमवावे लागते. २०१४ साली जगातील तीन हजारांहून अधिक भातांच्या वाणांचा आनुवंशिक मजकूर वाचून प्रसिद्ध झाला. तो वाचता आला तो कोणी तरी हे वाण आधी जपून ठेवले होते म्हणून.

२००१ सालच्या वाण-संरक्षण व शेतकरी-हक्क कायद्याने शेतकऱ्यांनी राखलेल्या वाणांची नोंदणी करण्याची आणि ते राखणाऱ्यांचा गौरव करण्याची तरतूद आपल्या देशाने केली आहे. नव्या बियाण्याच्या नावात मात्र स्वर्णा आहे, सब-१ आहे, ढालपुट्टिया नाही. ज्यांनी ती लोंबी प्रथम वेगळी काढून ठेवली त्यांची नावे आता मिळणारही नाहीत. पण ज्या घरांच्या माळ्यावर आजही कोरगूटचे बियाणे बांधून ठेवलेले आहे त्या घरांची नावे अजून मिळू शकतात. ती लिहून घ्यावीत, बियाण्याचा पसाभर नमुना संग्रहात पाठवावा आणि उरलेले पुढच्या पावसाळ्यात पेरावे.